आईची वारी आणि इन्सुलिन : कोणी केलंय का असं?

शेवग्याची_शेंग

नमस्कार मंडळी. इतके दिवस वाचनमात्र होते, आज गरजेपोटी धागा काढतेय.

आई ६१ वर्षांची, वाईजवळच्या गावात एकटी राहते. साखर १४ वर्षांपासून, त्यातली शेवटची पाच इन्सुलिनवर. जलद आणि सावकाश काम करणाऱ्या इन्सुलिनचं ३०/७० चं मिश्रण, सकाळी २२ युनिट, रात्री १४. जोडीला मेटफॉर्मिनची गोळी. बाबा गेल्यापासून ती फारशी कुठे गेली नव्हती. यंदा गावच्या दिंडीतल्या बायकांनी तिचं नाव घातलं आणि तिने मला फोन करून तसं सांगितलं. विचारलं नाही, सांगितलं. आळंदी ते पंढरपूर, पायी, सगळी.

"नको जाऊस" हे माझं बोलून झालंय. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पायात काय घालू तेवढं बघ."

तर प्रश्न असे. राहुटीत फ्रिज नाही, मग इन्सुलिन कुठे ठेवायचं? दिंडीत जेवण कधी मिळेल याचा नेम नाही, मग सुई कधी घ्यायची? एकादशी ती मोडणार नाही, लहानपणापासूनची आहे. आणि पाय: मागच्या वर्षी डॉक्टरांनी तळव्याला नायलॉनचा दोरा टेकवून पाहिला होता, उजव्या पायाला दोन ठिकाणी तिला कळलंच नव्हतं.

कोणी प्रत्यक्ष केलं असेल तर सांगा. गूगल करून झालंय, तिथे सगळे विमानाने जातात.

खडूस

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. पायाला संवेदना नाही, इन्सुलिन चालू आहे, वय ६१. पाठवू नका. फार तर वाखरीला गाडीने सोडा, शेवटचा टप्पा चालू द्या. देव कुठे पळून जात नाही.

दिवेघाट

खडूसराव, देव नाही पळत, पण माणूस ठरवून बसला की तोही पळत नाही. तिने सांगितलंय, विचारलं नाही, हे वाचलंत ना?

आमचं घर सासवडात, पालखी मार्गापासून जवळ. दरवर्षी दोन दिवस अंगणात दिंडी उतरते. लहानपणापासून बघतोय, दिंडीत साखरवाले भरपूर असतात, फक्त सांगत नाहीत. एका आजोबांनी आमच्या फ्रिजमध्ये इन्सुलिन ठेवलं आणि दुसऱ्या पहाटे विसरून पुढे गेले. मी मोटरसायकल काढून जेजुरीच्या रस्त्याला गाठलं त्यांना. म्हणून पहिली सूचना: कुणाच्या फ्रिजच्या भरवशावर राहू नका.

दुसरी जास्त महत्त्वाची. पुण्याहून सासवडला पालखी निघते ती परंपरेने ज्येष्ठ वद्य एकादशीला. सगळ्या वाटेतला सर्वांत मोठा टप्पा, ३० किलोमीटरच्या वर, त्यात दिवे घाट, आणि त्याच दिवशी पोटात भाकरी नाही. धोका कुठे आहे विचाराल तर तिथे बोट ठेवा. आषाढी एकादशीला तुम्ही पंढरपुरात पोचलेले असता, चालणं संपलेलं असतं. पहिली एकादशी सांभाळा.

बिनसाखरेचा

हात वर. टाइप १, वय ३४, सोळाव्या वर्षापासून इन्सुलिन. चार वाऱ्या झाल्यात.

लोकांना वाटतं चालण्याने त्रास होतो. चालण्याने साखर उतरते, ते एका अर्थी बरंच आहे. गोंधळ होतो तो घड्याळाचा. घरी आपण सात वाजता सुई घेतो, साडेसातला पोहे समोर असतात. दिंडीत सात वाजता सुई घेतली आणि स्वयंपाकाचा टेम्पो गर्दीत अडकला की नाश्ता थेट साडेनवाला. पहिल्या वारीत माझं हेच झालं. लोणंदच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला बसलो, समोरचा माणूस दोन दिसायला लागला. ज्याने मला गूळ भरवला त्याचं नावही मला माहीत नाही.

तेव्हापासून एकच नियम: ताट समोर आल्याशिवाय सुई नाही. पंगत बसली चालणार नाही, वाढपी दिसला चालणार नाही. आपल्या ताटात अन्न पडलं पाहिजे.

आता ३०/७० मध्ये मेख अशी की जुन्या पद्धतीचं मिश्रण जेवणाआधी अर्धा तास घ्यायचं असतं. नव्या प्रकारचं मिश्रण अगदी घासाच्या तोंडावर घेतलं तरी चालतं. वारीपुरतं बदलून मिळतं का ते आईंच्या डॉक्टरांना विचारा. निघायच्या आदल्या दिवशी नको, महिनाभर आधी. नवं इन्सुलिन अंगाला कसं लागतं ते घरी कळलेलं बरं.

बाकीचं:

दिंडीचा ट्रक. सगळं सामान त्यात जातं आणि तो पुढच्या मुक्कामी आधी निघून जातो. इन्सुलिन त्यात गेलं म्हणजे दिवसभर तुमच्याजवळ नाही, शिवाय ताडपत्रीखाली भाजून निघणार. इन्सुलिन, ग्लुकोमीटर आणि ग्लुकोज पावडर, तिन्ही अंगावरच्या पिशवीत. ट्रकमध्ये दुसरा संच, तोही राखीव म्हणून.

गारवा. वापरात असलेलं पेन किंवा बाटली फ्रिजबाहेर साधारण चार आठवडे चालते, पण तापमान २५–३० च्या आत हवं. मी बाटली घट्ट झाकणाच्या डबीत घालतो, डबीला ओलं सुती फडकं गुंडाळतो आणि ते पिशवीच्या बाहेरच्या बाजूला ठेवतो, वारा लागला की गार राहतं. मुक्कामाला माठ असतोच. बर्फाला मात्र चिकटवू नका. एकदा गोठलेलं इन्सुलिन फेकायचं, पुन्हा पातळ झालं तरी.

घेण्याआधी बाटली तळहातांत हलके घोळवा, दहादा तरी. दुधासारखं एकसारखं दिसलं पाहिजे. तळाशी गुठळ्या किंवा काचेवर कण चिकटलेले दिसले तर ती बाटली गेली.

सुई पोटावर घ्या, मांडीवर नको. मांडी चालत असते, औषध भराभर उतरतं.

आणि वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत बंद करा. शेतात टाकू नका. मागून येणारे निम्मे अनवाणी असतात.

शेवग्याची_शेंग

बिनसाखरेचा, तुमचा प्रतिसाद कागदावर उतरवून आईला वाचून दाखवला. ट्रकचं ऐकून गप्प झाली. सगळं ट्रकमध्ये टाकायचाच बेत होता.

कडुनिंब

मी फिजिशियन आहे, पण इथे बसून कुणाचा डोस ठरवणार नाही. तरी काही गोष्टी कानावर घालते.

एक, डोस कमी करावा लागणारच. रोज वीस-बावीस किलोमीटर चालणाऱ्या बाईला घरातल्या बाईचा डोस चालत नाही. चालण्याचा परिणाम संध्याकाळी थांबल्यावर संपत नाही, रात्रीही साखर उतरत राहते. त्यामुळे रात्रीचा डोस आणि झोपण्यापूर्वीची तपासणी यांवर जास्त लक्ष. किती कमी करायचा ते त्यांच्या डॉक्टरांनी. निघण्याआधी रोज आठ-दहा किलोमीटर चालून, साखर लिहून ती वही त्यांना दाखवली तर त्यांनाही अंदाज येईल.

दोन, ७० च्या खाली आकडा आला की १५ ग्रॅम साखर किंवा ग्लुकोज, म्हणजे चहाचे तीन चमचे, पाण्यात. पंधरा मिनिटं *बसून* राहायचं. पुन्हा तपासायचं. अजून ७० खाली असेल तर पुन्हा तेवढंच. वर आली की मग भाकरी, लाडू काय ते. पेढा, चिक्की, चॉकलेट यांनी सुरुवात नको, त्यातल्या तुपातेलामुळे साखर चढायला उशीर लागतो.

तीन, हे फार जणांना माहीत नसतं. गोळ्यांमध्ये व्होग्लिबोज किंवा अकार्बोज असेल तर साधी साखर आणि गूळ वेळेवर काम करत नाहीत, कारण ती गोळी साखर फोडण्याचंच काम आतड्यात अडवून धरते. तिथे ग्लुकोज पावडरच लागते. आईंच्या चिठ्ठीत बघा. मिश्र गोळ्यांमध्ये ती मेटफॉर्मिनच्या शेजारी लपलेली असते.

चार, डापाग्लिफ्लोझिन वगैरे लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या गोळ्या कुणी घेत असेल तर उपास, उलट्या, जुलाब या दिवसांत त्या चालू ठेवायच्या का हे आधीच विचारून ठेवा. शरीर कोरडं पडतं, आणि साखरेचा आकडा फारसा वाढलेला नसतानाही रक्तात आम्ल साठू शकतं.

बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालायचं नाही. कुशीवर वळवा, १०८ लावा. वाटेवर आरोग्य विभागाची पथकं असतात, मुक्कामाला पोचलं की आपलं कुठे आहे ते आधी बघून ठेवावं.

खडूस

@कडुनिंब, साबुदाण्याबद्दल बोला की. तिथे सगळे गप्प बसतात.

कडुनिंब

साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ पिष्ट. खिचडी खाल्ली की साखर आधी उडी मारते आणि चालता चालता खाली येते. राजगिऱ्याची भाकरी, शेंगदाणे, ताक, काकडी, थोडं रताळं असं दर दोन-तीन तासांनी थोडं थोडं खाल्लं तर उपासही राहतो. निर्जळी मात्र नाही, इन्सुलिनवर मुळीच नाही.

दिवेघाट

यात भर घालतो. आमच्याकडे उतरणाऱ्या दिंडीचे प्रमुख स्वतः माळकरी, पण साखरवाल्यांना ते आधीच सांगतात की औषध लागलं तर एकादशीलाही साखरपाणी प्यायचं, त्याने काही मोडत नाही. तुमच्या दिंडीप्रमुखांकडून आईंच्या समोर हे वदवून घ्या. मुलीने सांगितलेलं आणि त्यांनी सांगितलेलं यात फरक असतो.

टाचणी

पायांचं कुणी बोललंच नाही. मी एका रुग्णालयात पायांच्या जखमांच्या ओपीडीत परिचारिका आहे. आषाढी झाली की आमच्याकडे रांग लागते.

एका काकांनी बूट काढला तेव्हा आत छोटा खिळा होता, तळातून वर आलेला. दोन दिवस त्यावर चालले होते. मोज्यावर रुपयाएवढा तपकिरी डाग. "दुखलं नाही का?" तर म्हणाले, "नाही हो, उलट यंदा पाय फार हलके वाटले." ते ऐकून मी खाली मान घालून ड्रेसिंग केलं.

तेव्हा शेवग्याची_शेंगताई, उजव्या पायाला दोन ठिकाणी कळत नाही ना, मग अनवाणी एक पाऊलही नाही. तापलेल्या डांबरावर फोड येतात आणि कळत नाहीत. नवे बूट नकोत, दोन महिने घातलेले, अर्धा नंबर मोठे. संध्याकाळी पाय सुजतो, म्हणून माप संध्याकाळी घ्या. मोजे सुती, पांढरे. पांढऱ्यावर रक्त दिसतं. रोज तीन जोड, भिजले की बदलायचे.

बूट घालण्याआधी उलटा करून आपटायचा आणि आत हात फिरवायचा. हात, पाय नव्हे. पायाला खडा कळत नाही, हाताला कळतो.

रात्री कुणी तरी दुसऱ्याने टॉर्च लावून तळवे बघायचे, बोटांच्या बेचक्यांसकट. टाचेला व्हॅसलीन चालेल, बेचक्यात नको. फोड फोडायचा नाही, पथकाकडे जायचं. आणि गरम पाण्यात पाय बुडवण्याची सेवा मिळते, तिथे नम्रपणे नाही म्हणायचं. पाणी किती गरम आहे ते त्या पायांना कळणार नाही.

एडिसनचा_पोपट

थोडं अवांतर. धागाकर्तीने विमानवाल्यांना टोमणा मारलाय म्हणून त्यांच्या वतीने.

इन्सुलिन केबिन बॅगेत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट. खालच्या सामानात गोठू शकतं. मुंबईहून इकडे अमेरिकेत, नुअर्कला येताना उन्हाळ्यात दिवस साडेनऊ तासांनी लांबतो, परत जाताना तेवढाच आखूड होतो. मी उतरेपर्यंत घड्याळ मुंबईचंच ठेवतो आणि डॉक्टरांकडून तासांचा तक्ता लिहून घेतो.

पण खरं सांगायचंय ते दुसरं, आणि ते वारीलाही लागू आहे. भारतात बाटलीतलं इन्सुलिन बहुतेक ४० चं मिळतं, म्हणजे एका मिलीत ४० युनिट. पेनमधलं १०० चं. अमेरिकेत बाटलीही १०० ची. ४० च्या सिरिंजचं टोपण लाल, १०० च्या सिरिंजचं नारिंगी. माझ्या मावशीने इथली १०० ची बाटली तिकडच्या लाल टोपणाच्या सिरिंजने ओढली. दहाच्या खुणेपर्यंत भरलं म्हणजे अंगात गेले पंचवीस. अडीच पट! वेळीच कळलं म्हणून आज मी हसून लिहितोय. दिंडीत एकमेकांना सिरिंज "दे गं जरा" करून देतात, तेव्हा टोपणाचा रंग बघा. खरं तर देऊच नका.

बिनसाखरेचा

+१ पोपटराव. लाल-नारिंगीचं कार्डावर छापून वाटलं पाहिजे.

मीटरचंही एक राहिलं. वाल्ह्याला एकदा आकडा आला ३४२. पोटात गोळा आला, जास्तीचं इन्सुलिन घ्यायला सुई काढली. तेवढ्यात शेजारचा म्हातारा म्हणाला, "माऊली, आत्ताच चिक्की खाल्ली ना, बोटं चाटा आधी." चाटली नाहीत, साबणाने धुतली, पुसली. पुन्हा: १३८. बोटावरच्या गुळाचा आकडा होता तो. पाणी नसेल तर पहिला थेंब पुसून दुसरा घ्या. पट्ट्यांच्या डबीचं झाकण लगेच लावा, पावसाळी हवेने पट्ट्या खराब होतात.

आणि आईंना आणखी एक सांगा. वाटेत लोक हातात केळं, बिस्किटं, राजगिऱ्याचा लाडू कोंबतात. नाही म्हटलं की ते हिरमुसतात. घ्यायचं, कपाळाला लावायचं, पिशवीत टाकायचं. साखर उतरली की तोच साठा.

शेवग्याची_शेंग

मंडळी, आई काल सासवडला पोचली, तिकडून फोनवर बोलली ते लिहिते.

मधल्या काळात डॉक्टरांनी इन्सुलिन बदलून दिलं, डोस १६ आणि १० वर आणला. हे आईचे आकडे आहेत, कुणी उचलू नका. चिठ्ठीत व्होग्लिबोज खरंच निघालं! मेटफॉर्मिनच्याच गोळीत. कडुनिंब, तुमचे पाय धरायला हवेत. ग्लुकोज पावडरीच्या चार पुड्या बांधून दिल्या. दिंडीप्रमुखांना फोन केला, त्यांनी आईला समोर बसवून दिवेघाट म्हणाले तसंच सांगितलं. गळ्यात कार्ड आहे: "मला मधुमेह आहे, इन्सुलिन घेते", खाली माझा नंबर. तुळशीच्या माळेला अडकवलंय, म्हणजे काढणार नाही.

आणि घाटात व्हायचं ते झालंच. अर्ध्या चढावर आई शेजारच्या काकूंवर खेकसली, तुळशीवृंदावन नीट धरत नाहीस म्हणून. काकू २० वर्षांच्या मैत्रीण, त्यांनी आईला खेकसताना कधी ऐकलं नव्हतं. मी त्यांना सांगून ठेवलं होतं की घाम सगळ्यांनाच येतोय, घामावर जाऊ नका, स्वभाव बदलला तर बघा. त्यांनी कठड्यापाशी बसवलं. हात धुतले. ६१.

एक पुडी पाण्यात. आई लगेच उठायला लागली, दिंडी पुढे जातेय म्हणून. काकूंनी तिचा पदर आपल्या मांडीखाली दाबून धरला. पंधरा मिनिटांनी ९४. मग ताक आणि राजगिऱ्याचा लाडू. दिंडी पुढे गेलीच होती, दोघी मागच्या दिंडीत मिसळून चढल्या.

खडूस

पदर मांडीखाली दाबला, हे आवडलं. काकूंना नमस्कार सांगा.

(वाखरीवाला प्रतिसाद मागे घेत नाही, पण तरी.)

टाचणी

पाय? पाय कोण बघतंय?

शेवग्याची_शेंग

तेच सांगणार होते. आईला पाय दाखवायची लाज वाटायची. मग काकूंनी युक्ती काढली. तसेही सगळे एकमेकांच्या पाया पडतातच. रात्री काकू टॉर्च घेऊन येतात, "माऊली, पाया पडते" म्हणतात आणि वाकल्या की तळवे बघूनच उठतात. आता आणखी तिघींचे बघतात. त्यातल्या एकीला अंगठ्याखाली फोड निघाला, तिला पथकाकडे नेलं. तिलाही साखर आहे म्हणे, सुनेलाही माहीत नव्हतं.

दिवेघाट

दिंडीचा नंबर व्यक्तिगत निरोपात (व्यनि) कळवा. माठाची सोय जेजुरीला माझ्या साडूकडे होईल. फ्रिज नको, माठच.

शेवग्याची_शेंग

उशीर झाला लिहायला. आई पंढरपूरहून परत आली, एसटीने. पायाला एक जखम, डाव्या टाचेला, वरवरची, फलटणला मोजा भिजलेला राहिला त्या दिवसाची. काल दवाखान्यात दाखवली, भरत आलीय. ७० च्या खाली एकूण तीनदा गेली, घाटातली सर्वांत कमी. ट्रकमधली राखीव बाटली काढून बघितली तर तळाला गुठळ्या. बिनसाखरेचा, ती फेकली. अंगावरची शेवटपर्यंत ठीक होती.

कडुनिंबांनी सांगितलेली वही तिने रोज लिहिली. डॉक्टरांना दाखवण्याआधी मी फोटो काढून ठेवलेत. एक पान जसंच्या तसं देते, तिचंच अक्षर, तिचाच कंस:

"सासवड. पहाटे ४.१०. ११२. चहा बिनसाखरेचा (अर्धा चमचा होती).
जेजुरी. ताट ९.४० ला आलं, सुई ९.४१. भंडारा बोटावर, म्हणून दोनदा धुतलं. १६७.
वाल्हे. रात्री ८८. काकूने बिस्किटं खायला लावली. भूक नव्हती.
लोणंद. ताट समोर आलं, सुई घेतली, आणि वाढपी भात विसरला. ओरडले त्याच्यावर. (साखर १४०. खरीच चिडले होते.)"